काटा

माझं काम एवढंच:
भरलेली गाडी चढली की एक आकडा,
रिकामी परतली की दुसरा,
दोन्हींतली वजाबाकी म्हणजे माल.
सिन्नरजवळ, माळेगावच्या एमआयडीसीत,
पत्र्याच्या केबिनमध्ये चौदा वर्षं
मी ही एकच वजाबाकी करते आहे.

काय काय येतं भंगारात!
शाळेचे बाक, त्यांच्या खाली वाळलेलं च्युइंगम.
सायकलींचे सांगाडे, एसटीच्या खिडक्या,
कुणाच्या तरी गच्चीचा झोपाळा, कड्या शाबूत.
आणि हल्ली पिंपळगावकडून, दिंडोरीकडून
द्राक्षबागांचे अँगल, वाकलेले, बोर्डो लागून निळसर.
आमच्याच रोलिंग मिलमधून गेले होते हे.
त्यांच्या पावत्या मीच फाडल्या होत्या.
एकावर लाल रंगात लिहिलेलं होतं, "ओळ १७".
चुंबकानं त्याला उचललं
तसंच बाकालाही उचललं.

भट्टीवर बिंदेश्वर.
रात्री दहानंतर वीज स्वस्त,
म्हणून त्याचा दिवस रात्री दहाला उगवतो.
आता दुपारची स्वस्त होणार म्हणतात.
"मग बायकोला काय सांगू," तो विचारतो,
"सूर्य पुन्हा जागेवर आला म्हणून?"
टनाला साडेसहाशे युनिट.
हा आकडा त्याला मुलांच्या वयांआधी आठवतो.

जालन्याहून झंवर आले, भागीदार व्हायला.
पांढरी गाडी काट्यावरून हळूच नेली,
सवयीनं मी वजन बघितलं: एक टन नऊशे वीस.
"लॉस किती जातो?" त्यांनी विचारलं.
शंभराला आठ, मी म्हणाले.
कुठे जातो ते त्यांनी विचारलं नाही.
गंज जातो, माती जाते, रंग जातो,
ओळ १७ जाते.
उरलेली मळी कुंपणामागे साचते, काळी, हलकी,
पावसाळ्यात तिच्यावरसुद्धा टाकळा उगवतो.

काट्याची अडचण अशी
की दहा किलोच्या आतलं त्याला दिसत नाही.
एकदा संध्याकाळी कांकरियाशेठ
एकटेच त्याच्यावर येऊन उभे राहिले.
सातपूरचा प्लॉट गहाण टाकून आले होते.
"बघ गं, किती भरतो."
सत्तर, मी म्हणाले.
"घरच्या काट्यावर सहासष्ट."
मग आम्ही दोघंही हसलो, पण थोडंच.

आणि परवा नवी भट्टी आली.
बावीस कोटी, ट्रेलरवर, ताडपत्रीखाली,
पुढे नारळ, मागे दोरखंड.
मी नेहमीसारखी वजाबाकी केली:
सव्वीस टन चारशे.
मालाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना,
लिहिलं, लोखंड.
शेठनी पावती दोनदा वाचली
आणि खिशात ठेवली, पाकिटात नाही.

जुन्या भट्टीला दिवसाला पाण्याचे सहा टँकर लागत,
नवीला अकरा लागणार.
बोअर सहाशे फुटांवर नुसता धुरळा फेकतो.
पुंजाबा सदगीर टँकर आणतो,
बुधवारी हाच टँकर वरच्या वाडीवरही जातो.
या आठवड्यात बुधवार दोनदा चुकला.
त्याच्या टँकरचं वजन कधी होत नाही,
फाटकावरचा पोरगा वहीत रेघ मारतो,
चार उभ्या, एक आडवी.

काल मी खिडकीतून हात काढला.
पुंजाबा, काट्यावर घे.
"कशाला? पाणी तर आहे."
घे तरी.
तो चढला, ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं.
आत पाणी पुढे जाऊन आदळलं, मागे आलं,
पुन्हा पुढे.
सोळा दोनशे. सोळा दहा. सोळा तीनशे चाळीस.
लोखंड कसं, ठेवलं की गप्प बसतं.
मागे तीन ट्रक हॉर्न वाजवत होते,
पेन पावतीवर टेकवून
मी आकडा थांबायची वाट बघत राहिले.